ओकावांगोच्या पाणथळात पहिल्यांदा जाताना: आधी पाणी बघा, मग तिकीट काढा

आफ्रिकेत, बोट्सवाना देशात असलेल्या ओकावांगोच्या पाणथळात आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा ऑक्टोबरमध्ये, आणि त्यानंतर दोन वर्षांनी जुलैमध्ये. पहिल्या खेपेला होडीत बसून पाणथळ बघायचं म्हणून गेलो, तर निम्म्या वाटेवर होडीचा तळ वाळूला घासायला लागला. शेवटी उतरून घोटाभर पाण्यातून चालावं लागलं. दुसऱ्या खेपेला त्याच वाटेवर छातीएवढं पाणी होतं आणि दोन्ही बाजूंना डोक्यावरून उंच गवत. जागा एकच, पण प्रवास अगदी वेगळे.

आमची चूक साधी होती. ताडोबाला जाताना 'वाघ कधी दिसतात' विचारून बुकिंग करतो, तसंच इथे 'प्राणी कधी दिसतात' एवढंच विचारलं. पाणी कधी असतं हे विचारलंच नाही. पाणथळात सगळं पाण्यावर ठरतं: कुठला प्राणी कुठे असेल, गाडी जाईल की होडी, तंबू कुठे ठोकायचा, खर्च किती येईल. म्हणून हा लेख पाण्यापासून सुरू करतो आहे. 'माझं बुकिंग झालंय, मला फक्त सामानाची यादी द्या' असं असेल तर थेट सहाव्या पायरीवर जा. पण बुकिंग झालं नसेल, तर पहिल्या दोन पायऱ्या गाळू नका.

१. पाणी कुठून येतं ते समजून घ्या

आपल्या डोक्यात गणित पक्कं बसलेलं असतं: पाऊस पडला की नदीला पाणी. ओकावांगोत हे गणित उलटं आहे. इथला पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च पडतो. पण पाणथळ सगळ्यात जास्त भरतं ते जून ते ऑगस्टमध्ये, आभाळात ढगाचा ठिपकाही नसताना.

कारण हे पाणी इथलं नसतंच. ते अंगोलाच्या डोंगराळ भागातून येतं. कुबांगो आणि क्विटो या नद्यांचं पाणी एकत्र होतं, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडतं आणि मोहेम्बो या ठिकाणी बोट्सवानात शिरतं. तिथे नदी एका लांबट पट्ट्यात वळणं घेत वाहते. त्या पट्ट्याला सगळे 'पॅनहँडल' म्हणतात, म्हणजे तव्याचा दांडा. दांडा संपला की तवा, म्हणजे पसरलेला त्रिभुज प्रदेश. या तव्याला उतार जवळजवळ नाहीच. अडीचशे किलोमीटरमध्ये जेमतेम साठ मीटर. त्यात पाण्याच्या वाटेत पपायरस नावाच्या उंच पाणगवताची आणि नळाची दाट रानं. त्यामुळे पाणी धावत नाही, पाझरत पाझरत पुढे सरकतं. पॅनहँडलमध्ये एप्रिलच्या सुमाराला चढलेलं पाणी माउनला, म्हणजे पाणथळाचं दार असलेल्या गावाला, पोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो.

आणि हे पाणी समुद्राला मिळत नाही. कलहारीच्या वाळूत पसरतं, बरंचसं झाडं पिऊन टाकतात, उरलेलं उन्हाने उडून जातं. नाशिककर असल्यामुळे मला ही गोष्ट पचायला वेळ लागला. आमची गोदावरी थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जाते, आणि ही नदी वाळवंटात येऊन संपते.

या सगळ्याचा तुमच्यासाठी अर्थ असा, की स्थानिक पावसाचा अंदाज पाहून काहीच कळत नाही. आदल्या मोसमात अंगोलात किती पाऊस झाला, त्यावर तुमची सहल ठरते. प्रत्येक वर्षी पाणी सारखं नसतं. २०१९ साली दुष्काळामुळे पाणी फारच कमी आलं होतं. म्हणून बुकिंग करताना एजंटला एकच प्रश्न विचारा: 'या वर्षी मोहेम्बोला पाणी कसं आहे?' ज्याला हा प्रश्न कळतो तो माणूस कामाचा. जो उत्तरादाखल सिंहाचे फोटो पाठवतो त्याच्याकडून पुढे जाऊ नका.

२. महिना ठरवा, पण आपल्याला काय बघायचंय ते ठरवून

'बेस्ट सीझन' म्हणून जे छापलेलं असतं, त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केलेल्या असतात.

जून ते ऑगस्ट: पाणी भरपूर. मोकोरो (काठीने रेटायची निमुळती होडी) आणि मोटारबोटीसाठी हाच काळ. प्राणी बेटांवर विभागले जातात, त्यामुळे मोठे कळप एका ठिकाणी कमी दिसतात, पण पाण्यातून धावणारी हरणं, पाणी ओलांडणारे हत्ती, सिंहसुद्धा पाण्यात उतरलेले, हे याच दिवसांत. पहाटे कडाक्याची थंडी असते. उघड्या गाडीत वारा लागला की पाच-सहा अंश म्हणजे काय ते कळतं. जुलैमध्ये आम्ही महाबळेश्वरला पुरतील एवढेच स्वेटर नेले होते. शेवटी तळावरच्या लोकांनी मांडीवर ठेवायला गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या, त्यावर निभावलं.

सप्टेंबर-ऑक्टोबर: पाणी ओसरतं, मोकळी मैदानं उघडी पडतात, उरलेल्या पाण्याभोवती हत्ती आणि रानरेडे गर्दी करतात. गाडीतून प्राणी बघायचे तर हे दिवस चांगले. पण ऑक्टोबरचं ऊन चाळिशीपर्यंत जातं, धूळ उडते, आणि मोकोरोचा भरवसा नसतो. पक्षीवाल्यांसाठी मात्र एक लालूच आहे: लाल-गुलाबी रंगाचे कार्माइन वेडे राघू याच सुमाराला नदीकाठच्या दरडींत बिळं करून घरटी करतात. शेकडो एकदम उडाले की दरडीवरून गुलाल उधळल्यासारखं दिसतं.

नोव्हेंबर ते मार्च: पावसाळा. हरणांची पिल्लं, स्थलांतर करून आलेले पक्षी, हिरवंगार रान, आणि दर कमी. रस्ते चिखलाचे, गवत उंच, डास जास्त. पहिल्या खेपेला हा काळ मी सुचवणार नाही. दुसऱ्या खेपेला अवश्य.

फक्त एकदाच जाणं शक्य असेल, तर मी जुलैचा शेवट ते ऑगस्ट म्हणेन. सिंह तुम्हाला इतरत्रही दिसतील, पण भरलेलं पाणथळ इतरत्र नाही.

३. राहायची जागा: चार पर्याय, चार वेगळे नियम

इथे बहुतेक सगळे गोंधळतात. नकाशावर सगळं 'ओकावांगो डेल्टा' असतं, पण आत जमीन वेगवेगळ्या लोकांच्या ताब्यात आहे आणि तुम्ही काय करू शकता हे त्यावर ठरतं.

मोरेमी अभयारण्य. बटावाना लोकांनी १९६३ साली स्वतःच्या जमिनीवर हे राखीव केलं, तेव्हा कारभार पाहणाऱ्या एलिझाबेथ पुलाने मोरेमी यांच्या पुढाकाराने. आफ्रिकेत लोकांनी स्वतःहून शिकारीची जमीन राखीव केल्याची उदाहरणं थोडी, त्यातलं हे एक. इथे सरकारी नियम चालतात: रस्ता सोडून गाडी नेता येत नाही, रात्री फिरता येत नाही, ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरता येत नाही. ताडोबाचे नियम माहीत असतील तर ओळखीचं वाटेल. स्वतः गाडी चालवत जाणारे लोक इथेच, थर्ड ब्रिज, झाकानाका अशा ठिकाणी तळ ठोकतात.

खाजगी कन्सेशन, म्हणजे भाडेपट्ट्याने दिलेले भाग. यांना 'एनजी' आणि पुढे आकडा अशी नावं असतात. नगामीलँड जिल्ह्याचे सरकारी विभाग आहेत हे. इथे रस्ता सोडून जाता येतं, रात्री दिवा लावून फिरता येतं, गाइडबरोबर पायी चालता येतं, आणि एका प्राण्याभोवती गाड्यांची जत्रा जमत नाही. हे सगळं महाग असतं. बोट्सवानाचं धोरणच कमी पर्यटक आणि जास्त दर असं आहे. मोसमात चांगल्या तळांवर माणशी एका रात्रीला हजार डॉलरच्या वर सहज जातात. आकडा वाचून मी लॅपटॉप मिटवला होता. पुढचे पर्याय वाचा.

गावकऱ्यांचे ट्रस्ट. माउनपासून जवळ, बोरो नदीच्या बाजूला ओकावांगो कोपानो मोकोरो कम्युनिटी ट्रस्ट काम करतो. तिथे स्थानिक नावाडी तुम्हाला मोकोरोतून आत नेतात, बेटावर तंबू ठोकून एक-दोन रात्री राहता येतं. तंबू आणि शिधा तुमचा किंवा सहल लावणाऱ्याचा. ईशान्येला ख्वाई गावाचाही असाच ट्रस्ट आहे आणि त्यांच्या भागात जनावरं भरपूर. मध्यमवर्गीय खिशाला हेच जमतं, आणि पैसे गावात राहतात.

पॅनहँडल. हाउसबोट, मासेमारी, पपायरसची खरी रानं, रात्री झाडावर बसून मासे धरणारं तांबूस रंगाचं मोठं घुबड, पेल्स फिशिंग आउल. मोठे प्राणी कमी. पक्ष्यांसाठी मात्र एक नंबर.

आमचा दुसऱ्या खेपेचा हिशेब असा: दोन रात्री बोरोच्या बाजूला मोकोरो आणि तंबू, तीन रात्री ख्वाईत फिरत्या तळावर, आणि एक रात्र माउनमध्ये अंघोळ आणि कपडे धुण्यासाठी. ही शेवटची रात्र वाया गेली असं वाटत नाही, याची खात्री बाळगा.

४. तिकीट काढताना जोहान्सबर्गचा सापळा ओळखा

माउनला बहुतेक जण जोहान्सबर्गहून विमानाने जातात. मुंबईहून जोहान्सबर्गला आखाती देशांतून, अदिस अबाबाहून किंवा नैरोबीहून जाता येतं.

सापळा असा: मुंबई–जोहान्सबर्ग एक तिकीट आणि जोहान्सबर्ग–माउन दुसरं तिकीट असं वेगवेगळं काढलं की थोडे पैसे वाचतात. पण मग बॅगा जोहान्सबर्गला उतरवून घ्याव्या लागतात. बॅगा घ्यायच्या तर इमिग्रेशन ओलांडावं लागतं, आणि ते ओलांडायचं तर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा हवा. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब मुंबईच्याच काउंटरवर अडलं. सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा आणि बॅग थेट माउनपर्यंत टॅग होते आहे ना, ते काउंटरवर तोंडाने विचारून, टॅगवर माउनचा कोड बघून खात्री करा. थेट टॅग होत नसेल तर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा काढा, जुगार खेळू नका.

दुसरा सापळा व्हिक्टोरिया धबधब्याचा. बरेच जण सीमेजवळच्या कासाने गावाहून सीमा ओलांडून धबधबा बघून परत बोट्सवानात येतात. तुमचा बोट्सवानाचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर परत येता येणार नाही. अर्जातच एकापेक्षा जास्त प्रवेश मागा.

५. कागदपत्रं

बोट्सवानाच्या व्हिसाचा अर्ज ऑनलाइन होतो. आम्ही दोन्ही वेळा दोन महिने आधी केला. नियम बदलत राहतात, म्हणून बुकिंगचे पैसे भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर एकदा बघाच. आमच्या फायलीत हे होतं:

– पासपोर्ट, परतीनंतर सहा महिने तरी मुदत उरलेला, कोरी पानं असलेला
– व्हिसाची छापील प्रत (मोबाइलवर आहे म्हणून सोडू नका, माउनला नेट कधी असतं कधी नसतं)
– परतीचं तिकीट, सगळ्या मुक्कामांचं बुकिंग, दिवसवार कार्यक्रम
– बँकेचं स्टेटमेंट
– पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड (पुढे वाचा)
– प्रवास विमा, त्यात आणीबाणीत हवाई मार्गाने हलवण्याची सोय असलेला
– अठरा वर्षांखालची मुलं असतील तर आई-वडील दोघांची नावं असलेल्या जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत. एकच पालक बरोबर असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र

हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. आपल्याकडच्या जुन्या जन्मदाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं 'पुरुष' किंवा 'स्त्री' लिहिलेलं असतं. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नाव चढवून घ्यायला वेळ लागतो, तेव्हा आधी दाखला काढून बघा.

विम्याबद्दल एक वाक्य जास्त: इथून जवळचं मोठं इस्पितळ विमानाच्या अंतरावर असतं. स्वस्त विमा घेऊ नका.

पीतज्वराची लस. बोट्सवानात पीतज्वर नाही. पण तुम्ही अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल तर प्रश्न येतो, कारण इथिओपिया आणि केनिया हे पीतज्वराच्या यादीतले देश. बोट्सवानात शिरताना कार्ड विचारू शकतात, आणि त्याहून कडक विचारणा परत येताना मुंबईला होते. कार्ड नसेल तर विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार आपल्या आरोग्य अधिकाऱ्यांना आहे. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते. तिथे वार ठरलेले असतात, नंबर लागतो. एकदा घेतली की जन्मभर चालते, त्यामुळे मी म्हणेन, मार्ग कुठलाही असो, घेऊन टाका. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण किंवा वय साठच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरशी बोला.

मलेरिया. नगामीलँडमध्ये मलेरिया आहे. गोळ्या कुठल्या आणि कशा, ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा: गोळ्या जाण्याआधी सुरू करायच्या असतात, आणि परत आल्यावरही चालू ठेवायच्या असतात. 'आलो की घरी' म्हणून बंद करणारे बरेच.

इंटरनेटवर 'गडद निळे-काळे कपडे नको, त्सेत्से माशी चावते' असं वाचाल. एकेकाळी ते खरं होतं. त्या माशीमुळे गुरं आत येऊ शकली नाहीत आणि रान टिकलं, असंही लोक सांगतात. २००१ आणि २००२ मध्ये विमानातून फवारणी झाली आणि इथून ती माशी गेली. आता रंगाची काळजी एवढ्याचसाठी, की भडक पांढरा जनावरांना लांबून दिसतो. आणि हो, लष्करी छापाचे हिरवे-तपकिरी कपडे अजिबात नकोत. बोट्सवानात सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे. आपल्याकडे जंगलात जाताना हमखास तसलीच पँट घेतली जाते, म्हणून मुद्दाम सांगतो.

६. बॅग भरणं

आतल्या तळांवर जाणारी विमानं लहान असतात. सामानाची मर्यादा बहुधा १५ ते २० किलो, हातातली कॅमेऱ्याची पिशवी धरून. आणि बॅग मऊ हवी. चाकांची कडक बॅग विमानाच्या पोटातल्या छोट्या कप्प्यात बसत नाही. पहिल्या खेपेला माझी सूटकेस माउनला राहिली आणि मी चार दिवसांचे कपडे दुकानातल्या कागदी पिशवीत घालून नेले. वैमानिक हसला, पण पिशवी घेतली.

काय न्यावं:
– मऊ डफल बॅग, दोन लहान पाणी न शिरणाऱ्या पिशव्या (मोकोरोत तळाला नेहमी थोडं पाणी असतं)
– दुर्बीण, ८×४२. घरात एकच असेल तर दुसरी उसनी आणा, नाहीतर अख्खा प्रवास 'दे ना, दे ना' चालतो
– १००-४०० च्या आसपासची लेन्स पुरेशी. मोकोरोत याहून मोठी सांभाळता येत नाही
– थंडीच्या दिवसांत जाड जॅकेट, कानटोपी, हातमोजे. खरंच
– लांब बाह्यांचे शर्ट, बंद बूट, आणि पाण्यात चालतील असे सँडल
– कपाळावरचा टॉर्च, डासांचं मलम, सनस्क्रीन, टोपी (दोरी असलेली)
– प्लगसाठी ॲडाप्टर आणि पॉवर बँक. चार्जिंग बहुतेक सौरऊर्जेवर, एकाच जागी

ड्रोन नेऊ नका. परवानगीशिवाय चालत नाही, जप्त होतो.

खाण्याचं: तळावर शाकाहारी जेवण मिळतं, पण बुकिंगच्या वेळीच लिहून द्या आणि 'मासे, चिकनचा रस्साही नाही' असं खुलासेवार लिहा. आम्ही शेंगदाण्याची चटणी आणि भाजकं पोहं नेलं होतं. तिसऱ्या दिवशी आमच्या नावाड्याने चटणीचा डबा स्वतःहून मागितला. मांसाचे पदार्थ मात्र प्रवासात बरोबर ठेवू नका. गुरांना लाळ्या-खुरकूत होऊ नये म्हणून इथे तारांची लांबलचक कुंपणं आहेत. दक्षिणेकडचं बफेलो फेन्स १९८२ सालचं. त्या कुंपणांच्या नाक्यांवर कच्चं मांस काढून घेतात, आणि बूट औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात. पेटीतले दुसरे बूटही दाखवायला सांगतात. हुज्जत घालू नका.

७. मोकोरोत बसणं

मोकोरो म्हणजे एका झाडाच्या खोडातून कोरलेली निमुळती होडी. पूर्वी ती आबनूस किंवा सॉसेज ट्री कोरून करायचे. आता झाडं वाचवण्यासाठी बहुतेक फायबरच्या असतात, आकार तोच. बायेई लोकांनी ही होडी आणि ती चालवायची पद्धत या पाण्यात आणली. नावाडी मागे उभा राहून 'न्गाशी' नावाच्या लांब काठीने तळ रेटतो. वल्हं नाही, इंजिन नाही, आवाज नाही. काठी पाण्यातून निघते तेव्हा थेंब पडतात, तेवढाच.

बसायचं तळाला, पाय पसरून. पाण्याची कड तुमच्या कोपराशी येते. पहिली दहा मिनिटं भीती वाटते, मग वाटेनाशी होते. तेव्हा जरा सावध राहा:

– उभं राहू नका, फोटोसाठी एका बाजूला झुकू नका. होडी उलटते ती याच कारणाने
– हात पाण्यात सोडू नका. कमळाचं देठ तोडायचं असेल तर नावाड्याला सांगा. मगरी असतात
– कुठून जायचं हे नावाडी ठरवेल. तो उथळ गवताळ वाट धरतो, कारण पाणघोड्याला बुडून राहायला खोल पाणी लागतं. 'जरा त्या मोठ्या तळ्यात नेता का?' असं विचारू नका. पाणघोडे बघायचे तर लांबून, काठावर उतरून

नमस्काराची पद्धत शिकून ठेवा, सेत्स्वाना या तिथल्या भाषेत. पुरुषाला 'डुमेला रा', बाईला 'डुमेला मा'. आभार म्हणजे 'के अ लेबोगा'. कामाचं बोलण्याआधी हे म्हणायचं असतं. थेट 'आज बिबट्या दिसेल का' असं सुरू केलं की माणूस आखडतो. आपल्या गावाकडेही तसंच नाही का.

८. बघायचं काय आणि कसं

ताडोबाची सवय असलेल्यांना इथे पहिला दिवस जड जातो. आपण तिथे सांबराचा, वानराचा इशारा ऐकून गाडी पळवतो. इथे बबूनचा भुंकल्यासारखा आवाज आणि इम्पालाचं फुरफुरणं ऐकायचं, तेवढं साम्य. पण पाण्यात पळवायला काही नसतं. शांत बसलात तरच दिसतं.

लेचवे नावाची तांबूस हरणं नीट बघा. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब, त्यामुळे पुठ्ठा उंच दिसतो. कोरड्या जमिनीवर बेढब वाटतात. पण धोका दिसला की ती पाण्याकडे धावतात, पाण्यापासून लांब नाही. गुडघाभर पाण्यातून त्यांची पळण्याची उडी बघितली की ते पाय कशासाठी आहेत ते कळतं. सिटाटुंगा त्याहून लाजरा: पपायरसमध्ये राहतो, लांब पसरट खुरांनी चिखलावर चालतो, आणि घाबरला तर नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून बुडून राहतो. आम्हाला दोन खेपांत एकदा, आणि तोही पाठमोरा दिसला. पपायरस म्हणजे आपल्या शेतातल्या लव्हाळ्याच्याच गोतातला, पण माणसापेक्षा उंच.

कमळाच्या पानांवर चालणारे कमळपक्षी नांदूर मधमेश्वरला पाहिलेले असतील. इथलाही त्याच कुळातला, आणि अंडी उबवायचं, पिल्लं सांभाळायचं काम नराचंच. एकदा नर उठला तेव्हा त्याच्या पंखांखालून जास्तीचे पाय लोंबत होते. पिल्लं काखेत घेऊन चालला होता. मत्स्यगरुडाची हाक दिवसभर ऐकू येते. मुंडकं मागे टाकून ओरडतो.

बेटांकडेही लक्ष द्या. पुष्कळशा बेटांची सुरुवात वारुळापासून झालेली असते. वाळवीने उंचवटा केला, त्यावर पुराच्या पाण्यापासून सुटून झाड उगवलं, झाडाभोवती माती साठली, बेट वाढलं. मोठ्या बेटाच्या मधोमध कधीकधी पांढरट, उघडी, खारट जमीन दिसते. कडेची झाडं जमिनीतलं पाणी शोषून घेतात आणि क्षार मध्ये साठत जातात, त्यामुळे बाकीचं पाणी गोडं राहतं. पाणघोड्यांचंही काम असतं: ते रोज त्याच वाटेने जातात, गवत दबतं, आणि तिथून पाण्याला वाट मिळते. हे गाइडला विचारलं की त्यांचे डोळे चमकतात. सिंहाबद्दल सगळेच विचारतात.

रानकुत्र्यांसाठी ख्वाई आणि मोरेमीचा परिसर चांगला. आपल्या कोळसुंद्यासारखाच कळप, पण अंगावर काळे-पांढरे-पिवळे ठिपके. ते दिसले तर गाडी मागे लागते. अशा वेळी घट्ट धरून बसा आणि कॅमेरा गळ्यात ठेवा.

पायी चालताना एकामागे एक, गाइडच्या मागे, बोलणं बंद. आणि काहीही झालं तरी पळायचं नाही. ही गोष्ट आम्हाला तीनदा सांगितली गेली. चौथ्यांदा एक हत्ती चाळीस पावलांवर आला तेव्हा ती कामाला आली.

९. तळावर रात्र

बेटावरच्या तंबूला कुंपण नसतं. रात्री पाणघोडे चरायला बाहेर पडतात, हत्ती तंबूच्या मधून जातात. जेवल्यानंतर एकट्याने तंबूपर्यंत जायचं नाही, सोबत माणूस घ्यायचा. तंबूची चेन शेवटपर्यंत लावायची. खायचं काही तंबूत ठेवायचं नाही. बबून आणि हायना दोघांनाही तंबूचं कापड फाडता येतं. लघवीसाठी रात्री जायचं झालं तर टॉर्चने आधी चारही बाजूंना बघा. दोन चमकणारे डोळे दिसले तर चेन लावून परत झोपा.

ऑक्टोबरच्या रात्री तळ्याकाठच्या बेडकांनी झोपू दिलं नाही. नखाएवढे बेडूक, पण हजारोंनी. आवाज काचेच्या बांगड्या एकमेकींवर आपटल्यासारखा.

१०. पैसे, टिप, आणि घरी परतल्यावर

चलन पुला. सेत्स्वानात पुला म्हणजे पाऊस, आणि आशीर्वादालाही तोच शब्द. माउनमध्ये एटीएम आहेत, आत नाहीत. डॉलर तळांवर चालतात, पण गावकऱ्यांच्या ट्रस्टला आणि नावाड्याला पुलाच द्या. टिप प्रत्येकाला वेगळी, शेवटच्या दिवशी, हातात. स्वयंपाक करणाऱ्या आणि पाणी तापवणाऱ्या माणसाला विसरू नका, तो समोर कमी येतो. वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यामुळे घरी आई-वडिलांना रात्रीच्या जेवणानंतर फोन करायचं म्हटलं तर भारतात मध्यरात्र झालेली असते. त्यांना आधीच सांगून ठेवा, की आत सिग्नल नसतो आणि तीन-चार दिवस फोन आला नाही तर काळजी करू नका.

परत आल्यावर मलेरियाच्या गोळ्या सांगितल्या तितके दिवस संपवा. आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य हे म्हणा: 'मी आफ्रिकेत पाणथळात जाऊन आलोय, मलेरियाची तपासणी करा.' पावसाळ्याच्या दिवसांत आपल्याकडे प्रत्येक ताप 'व्हायरल' ठरतो, आणि तुम्ही सांगितलं नाहीत तर कुणी विचारणार नाही.